मुरुमांसाठी पोटाला उपाशी ठेवू नका

प्रश्न: माझे वय २७ वर्षे. मी डोंबिवलीला राहते आणि नोकरीसाठी रोज लोअर परळला जाते. गेली दोन वर्षे हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने मोठे, दुखरे मुरुम येतात आणि बसले तरी काळे डाग ठेवून जातात. घरात सगळ्यांचे म्हणणे एकच, की पोट साफ नसते म्हणून हे चेहऱ्यावर निघते. त्यामुळे वर्षभर रोज रात्री पोट साफ होण्याचे चूर्ण घेते. चार महिन्यांपूर्वी मैत्रिणीच्या सांगण्यावरून रक्ताची ‘फूड इनटॉलरन्स’ चाचणी केली. अहवालात गहू, दूध, दही, अंडी, शेंगदाणे आणि तूरडाळ लाल रंगात आली, म्हणून हे सारे बंद केले. आता सकाळी साबुदाणा किंवा मुरमुरे, दुपारी डब्यात भात आणि बटाट्याची भाजी, रात्री पुन्हा भात असे चालले आहे. चहा दिवसातून पाच वेळा होतो, पण कोरा. वजन थोडे उतरले, मात्र केस गळू लागले, दम लागतो आणि मुरुम कमी होण्याऐवजी वाढलेच. केसांसाठी मध्यंतरी बी-१२ची इंजेक्शनेही घेतली. मान काळवंडली आहे, आई बेसन आणि लिंबू लावून घासते, तरी जात नाही. पाळी पहिल्यापासूनच दीड-दोन महिन्यांनी येते. पुढच्या वर्षी लग्न आहे. आणखी काय बंद करू?

उत्तर: आणखी काहीही बंद करू नका. जे बंद केले आहे त्यातील बहुतेक सारे पुन्हा सुरू करा, रात्रीचे चूर्ण हळूहळू थांबवा आणि येत्या काही आठवड्यांत डॉक्टरांकडे जाऊन काही मोजक्या तपासण्या करून घ्या. पाळीचे आणि मानेचे वाक्य तुम्ही पत्रात जाता जाता लिहिले आहे, परंतु तुमच्या मुरुमांचे कारण शोधण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली वाक्ये तीच आहेत. त्यांच्याकडे मी वळणारच आहे. त्याआधी पोटाविषयी बोलू, कारण तुमचे वर्ष त्यातच गेले आहे.

पोटाचे आणि त्वचेचे नाते आहे, हे घरच्यांचे म्हणणे मुळात चुकीचे नाही. गव्हातील ग्लुटेन ज्यांच्या आतड्याला सोसत नाही अशा सिलिअ‍ॅक रुग्णांपैकी काहींच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि नितंबांवर विलक्षण खाजणारे बारीक फोड येतात आणि गहू कायमचा सोडल्यावर ते आटोक्यात राहतात. मोठ्या आतड्याला दाहाचे जुनाट आजार असलेल्यांपैकी काहींच्या नडगीवर लालसर, दुखऱ्या गाठी उठतात. आपल्या दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा हा रोग दिसत असे. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातांवर, पायांवर आणि गळ्याभोवती त्वचा काळी पडून सोलवटे, कारण नायसिन हे जीवनसत्त्व त्यांच्या शरीराला पुरत नसे. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६०च्या सुमारास त्यावर महत्त्वाचे काम केले. (डाळ, भाजी, दूध यांच्या जोडीने ज्वारी खाणाऱ्याला हे भय नाही, तेव्हा भाकरी सोडू नका.) या प्रत्येक उदाहरणात आतड्यातून किंवा अन्नातून त्वचेपर्यंत जाणारी वाट ठाऊक आहे. ‘पोट साफ नाही, म्हणून घाण चेहऱ्यातून बाहेर पडते’ या समजुतीला मात्र अशी वाट सापडलेली नाही.

ही समजूत केवळ आपल्या घरांतली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील नामवंत वैद्यकही तिच्या आहारी गेले होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ यांचे मत असे होते, की मोठ्या आतड्यातील कुजवणारे जंतू विष तयार करतात आणि त्यामुळे माणूस लवकर म्हातारा होतो. त्यावर उपाय म्हणून त्यांनी आंबवलेल्या दुधाचा पुरस्कार केला. (आपल्या मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा येथे लस तयार करणारे हाफकिन, ज्यांच्या नावाची संस्था परळला आहे, ते मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी.) लंडनमध्ये सर विल्यम आर्बथनॉट लेन नावाचे शल्यविशारद तर बद्धकोष्ठासाठी रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकत. १९१९ साली वॉल्टर अल्व्हारेझ या अमेरिकी डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला: पोट साफ होताच माणसाला काही मिनिटांत हलके वाटते, डोके उतरते, रक्तात खरोखर विष भिनलेले असते तर ते इतक्या झटपट कसे उतरले असते? जडपणा, डोकेदुखी, मरगळ हा भरलेल्या आतड्याच्या ताणाचा परिणाम असतो, असे त्यांनी मांडले आणि पुढे ते मान्य झाले. शरीरातील टाकाऊ द्रव्ये काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. तेलग्रंथीच्या तोंडाशी येणाऱ्या मुरुमातून आतड्यातील काहीही बाहेर पडत नाही.

म्हणून चूर्णाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. बाजारातील अशा बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती मोठ्या आतड्याला ढोसून हलवते आणि पाण्यासकट मळ लवकर बाहेर काढते. प्रवासात चार दिवस अडचण झाली आणि घेतली, तर काही बिघडत नाही. परंतु वर्षभर रोज घेतल्यास पोटॅशियम कमी होऊ शकते, त्याने थकवा आणि पायांत गोळे येतात, आणि चूर्णाशिवाय पोट हलणारच नाही या धास्तीने सवय सुटेनाशी होते. चूर्ण एकदम बंद केलेत तर काही दिवस पोट अडेल आणि तुम्ही घाबरून पुन्हा डबा उघडाल. त्यापेक्षा आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड असे करत तीन-चार आठवड्यांत थांबवा. त्या काळात रात्री एक-दोन चमचे इसबगोल पूर्ण पेलाभर पाण्यातून घ्या, आणि थायरॉईडची किंवा अन्य गोळी चालू असेल तर तिच्यात आणि इसबगोलात काही तासांचे अंतर ठेवा.

तुमचे पोट मुळात का अडते, हे तुमच्या दिनक्रमात स्पष्ट दिसते. लोकलने ये-जा करणाऱ्या किती तरी स्त्रिया मला सांगतात, की स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाच्या भीतीने त्या घरून निघाल्यापासून कचेरीत पोहोचेपर्यंत घोटभरही पाणी पीत नाहीत, आणि संध्याकाळी परतीच्या गर्दीचा विचार करून चारनंतर पुन्हा पाणी बंद करतात. त्यात सकाळी गाडी गाठायची म्हणून शौचाची वेळ दडपली जाते. सकाळी काही खाल्ल्या-प्यायल्यावर मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते, ही शरीराची ठरलेली रीत आहे. ती रोज दडपली तर हळूहळू संवेदनाच बोथट होते. तेव्हा वीस मिनिटे आधी उठा, उठल्याबरोबर एक-दोन पेले पाणी प्या, काही तरी खा आणि मग घाई न करता बसा. कचेरीत पोहोचल्यावर दुपारपर्यंत एक बाटली आणि चारपर्यंत दुसरी संपवा. चूर्णाने वर्षभरात जे साधले नाही ते यातून साधण्याचा संभव पुष्कळ आहे, आणि तरीही पोट अडत राहिले तर थायरॉईड तपासायलाच हवे. थायरॉईड मंदावला की बद्धकोष्ठ, केस गळणे, थकवा आणि पाळीची अनियमितता या चारही गोष्टी एकत्र दिसू शकतात, आणि तुमच्या पत्रात थकवा सोडून बाकी तिन्ही आहेत.

आता त्या लाल रंगातल्या यादीकडे येते. अशा बहुतेक चाचण्या रक्तातील आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे मोजतात. एखादा पदार्थ आपण नेहमी खातो तेव्हा शरीर त्याची ओळख ठेवते आणि ही प्रतिपिंडे त्या ओळखीची खूण असतात. त्यांवरून पदार्थ बाधतो असे सिद्ध होत नाही. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच सांगितले आहे, की अन्न सोसते की नाही हे ठरवण्यासाठी ही चाचणी वापरू नये. मराठी घरातील कोणाचीही ही चाचणी केली तर गहू, तूरडाळ, दही आणि शेंगदाणे वर येण्याची शक्यता मोठीच, कारण आपण रोज तेच जेवतो. या अहवालासाठी लोक बरेच पैसे मोजतात आणि मग महिनोन्‌महिने अर्धपोटी राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. गव्हाने तुमचे पोट खरोखर फुगत असेल, जुलाब होत असतील, तर सिलिअ‍ॅकची वेगळी रक्तचाचणी आहे; पण ती गहू खाणे चालू असतानाच करावी लागते, गहू सोडल्यावर तिचा निकाल फसवा येऊ शकतो. तसा काही त्रास नसेल तर तीन-चार दिवसांच्या अंतराने एकेक पदार्थ परत आणा. सुरुवात तूरडाळीपासून करा, मग दही, पोळी, अंडे, शेंगदाणे. एवढ्या अंतराने आणल्यामुळे एखाद्या पदार्थाने खरेच बिघडले तर ते लगेच कळेल.

या पथ्याने मुरुम वाढले असावेत असे मला वाटते, आणि त्याचे कारण यादीतून जे गेले त्यापेक्षा त्याच्या जागी जे आले त्यात आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; त्यात प्रथिने नाहीत म्हटले तरी चालेल. मुरमुरे, बटाटा, पांढरा भात हे सारे पोटात गेल्यावर फार लवकर साखरेत बदलते, आणि बरोबर डाळ, दही, उसळ नसेल तर ती साखर रक्तात झपाट्याने चढते. त्यात चहा. कोरा असला तरी त्यात साखर किती, हे तुम्ही लिहिलेले नाही. कपाला दोन चमचे धरले तर पाच कपांत ४० ते ५० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत सांगितली आहे. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. तुमची मर्यादा दुपारच्या चहालाच संपून जाते.

रक्तातील साखर चढली की ती खाली आणण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते, आणि मुरुमांशी आहाराचा सर्वांत पक्का दुवा येथे आहे. वाढलेले इन्सुलिन स्त्रीच्या बीजकोशांना पुरुषी संप्रेरके अधिक तयार करायला लावते. ही संप्रेरके रक्तात बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृतात तयार होते, तेही इन्सुलिनमुळे कमी होते, म्हणून मोकळी संप्रेरके आणखी वाढतात. शिवाय इन्सुलिनसारखेच काम करणारा एक वाढीचा घटक अधिक सक्रिय होतो. या सगळ्याचा परिणाम त्वचेतील तेलग्रंथींवर होतो: तेल जास्त येते, केसाच्या मुळाशी असलेल्या नळीचे तोंड मृत पेशींनी बुजते, आत अडकलेल्या तेलावर तेथले नेहमीचे जंतू वाढतात आणि दाह होऊन मुरुम उठतो. २००७ साली ऑस्ट्रेलियात मुरुम असलेल्या १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांचे दोन गट करून एका गटाला १२ आठवडे सावकाश पचणारे धान्य आणि अधिक प्रथिने असलेला आहार दिला गेला. त्या गटातील मुरुम सरासरी २३ने कमी झाले, तर दुसऱ्या गटातील १२ने. या प्रयोगातील मुलांचे वजनही उतरले होते, त्यामुळे श्रेय आहाराला किती आणि वजनाला किती हे नेमके वेगळे काढता येत नाही. आहाराने फरक पडतो, पण केवळ आहाराने त्वचा निर्मळ होईल अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

आणि आता मान. आईंना माझा निरोप सांगा, की ती घासणे आजच थांबवावे. मानेच्या मागे आणि काखेत त्वचा काळपट, किंचित जाड आणि हाताला मखमलीसारखी लागत असेल, तर तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून ते रक्तात वाढलेले राहते, आणि त्या वाढलेल्या इन्सुलिनने मानेच्या पेशी दाट होतात. लिंबाने आणि बेसनाने घासल्यावर त्वचा सोलवटते, जळजळते आणि नंतर आणखी काळी पडते. किती तरी मुली मानेवर असे ओरखडे घेऊन माझ्यासमोर बसतात, घरच्यांनी त्यांना अस्वच्छ ठरवलेले असते आणि त्यांनाही ते खरे वाटू लागलेले असते. त्वचेने दिलेली ही आगाऊ सूचना आहे, आणि ती वेळेवर वाचली तर पुढचा मधुमेह टाळण्याची किंवा लांबवण्याची संधी मिळते.

जबड्याच्या कडेचे खोल मुरुम, दीड-दोन महिन्यांनी येणारी पाळी आणि ही मान, असे तिन्ही एकत्र आले की पीसीओएसची, म्हणजे बीजकोशांच्या कामात आणि संप्रेरकांत होणाऱ्या बिघाडाची, शंका घेणे डॉक्टरांचे कर्तव्यच असते. शंका म्हणजे निदान नव्हे, एवढे ध्यानात ठेवा. निदानासाठी साधारणपणे तीन गोष्टी पाहतात: पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव (रक्ततपासणीत किंवा चेहऱ्यावरील केस, मुरुम यांतून दिसणारा) आणि सोनोग्राफीत बीजकोशांचे स्वरूप, यांपैकी दोन असतील आणि थायरॉईडसारखी अन्य कारणे वगळली गेली असतील तर पीसीओएस म्हणतात. उपाशी पोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरके, टीएसएच (थायरॉईडसाठी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि बी-१२ एवढ्या तपासण्या सांगितल्या जातील असे वाटते. दम लागणे आणि केस गळणे यांमागे लोहाची कमतरताही असू शकते, आणि खाणे एकाएकी तुटले की दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात हेही नेहमीचेच आहे.

बी-१२बद्दल थोडे. त्याच्या मोठ्या मात्रेनंतर काहींना एकाएकी मुरुम उठतात, हे त्वचारोगतज्ज्ञांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली याचे एक संभाव्य कारणही दाखवले: बी-१२ मुबलक मिळाले की त्वचेवरील मुरुमाचे जंतू आपली कामाची पद्धत बदलतात आणि दाह वाढवणारी द्रव्ये अधिक सोडतात. इंजेक्शनांनंतरच्या महिन्यात तुमचे मुरुम अचानक वाढले होते का, हे आठवून पाहा. कमतरता असेल तर बी-१२ घ्यावेच लागते. ती आहे की नाही हे रक्त तपासूनच कळते, आणि केस गळतात म्हणून अंदाजाने सुई टोचून घेणे योग्य नाही.

जेवणात काय बदलायचे, तर फार थोडे, आणि सारे आपल्या घरात असलेलेच. सकाळी साबुदाण्याऐवजी मुगाचे धिरडे, नाचणीची आंबील, दोन उकडलेली अंडी किंवा पोहे करायचे तर त्यात मटार, शेंगदाणे आणि वर मोड आलेले मूग. डब्यात दोन पोळ्या किंवा ज्वारीची भाकरी, मटकीची किंवा चवळीची उसळ, एक पालेभाजी आणि दही. भात हवा असेल तर तो ताटाचा चौथा भाग, आणि आधी उसळ-भाजी खाऊन मग भात. प्रथिनांची गरज शरीराच्या किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम, म्हणजे ५५ किलो वजनाला ४५ ग्रॅमच्या आसपास. वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम मिळतात आणि एका अंड्यातून सहा, यावरून हिशेब लागेल. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा घ्या. दाह कमी करणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले त्यांत भरपूर असतात आणि पापलेटच्या भावात ते येतात चौपट. संध्याकाळी गाडी पकडण्याआधी मूठभर फुटाणे आणि एक पेरू किंवा केळे पोटात असले, म्हणजे स्टेशनवरच्या वडापावाचा वास एवढा जीव खात नाही. साखर एकदम न तोडता दर आठवड्याला प्रत्येक कपात अर्धा चमचा कमी करा. डाळी आणि उसळी मात्र बेताने वाढवा. चार महिने ज्या आतड्याने त्या पाहिलेल्या नाहीत त्याला एकदम वाडगाभर मटकी दिली तर ते गॅसने फुगेल आणि तुम्ही पुन्हा अहवालाला खरे मानाल.

उपवास करत असाल तर त्या दिवशी खिचडीऐवजी वरी, राजगिऱ्याची भाकरी, ताक, शेंगदाण्याची आमटी आणि फळे ठेवा.

आतड्यातील उपकारक जंतूंविषयी हल्ली फार ऐकू येते, म्हणून तुम्ही विचारण्याआधीच सांगते. आपल्याला न पचणारा भाजी-डाळीतला चोथा मोठ्या आतड्यातील जंतू आंबवतात आणि त्यातून तयार होणारी ब्युटिरेटसारखी आम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात, एवढे पक्के आहे. फिलाडेल्फियातील जॉन स्टोक्स आणि डोनाल्ड पिल्सबरी या त्वचारोगतज्ज्ञांनी तर १९३० सालीच मन, आतडे आणि त्वचा यांची साखळी कल्पिली होती आणि जंतूयुक्त आंबट दुधाची शिफारस केली होती. परंतु जंतूंच्या महागड्या कॅप्सूल घेऊन मुरुम बरे होतात असे आत्मविश्वासाने म्हणण्याइतका पुरावा आजही नाही. इसबाच्या बाबतीत यावर पुष्कळ प्रयोग झाले, आणि २०१८ साली त्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा रुग्णांच्या त्रासात फारसा फरक आढळला नाही. घरचे दही आणि ताक स्वस्त, रुचकर आणि पोटाला चांगले आहे. ते त्यासाठीच खा. दुधाविषयी पुरावा थोडा निराळा आहे: अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत, विशेषतः साय काढलेले दूध जास्त पिणाऱ्यांनी मुरुमांची तक्रार अधिक केली होती, पण त्यांनी ती आपल्या शाळकरी वयाच्या आठवणीवरून सांगितली होती. तुम्ही चहापुरते दूध घेतलेत तर मला चिंता नाही; दही तर निःशंक सुरू करा. व्यायामशाळेत जाणाऱ्यांनी घेतलेल्या व्हे (दुधाच्या निवळीतील) प्रथिनांच्या भुकटीने मात्र मुरुम उठल्याचे बऱ्यापैकी दिसते. तिखट आणि तळलेले यांना दोष देण्याची घाई करू नका.

या बदलांचा हिशेब किमान तीन महिन्यांनी करा. आज चेहऱ्यावर दिसणारा मुरुम त्वचेखाली कित्येक आठवड्यांपूर्वी सुरू झालेला असतो, त्यामुळे पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. त्या मधल्या काळात अ‍ॅडापॅलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडसारखी लावायची औषधे चालू करावी लागतील, आणि डाग कमी राहावेत यासाठी ती लवकर सुरू झालेली बरी; आहार त्यांना साथ देईल, त्यांची जागा घेणार नाही. दुकानदाराने हातावर ठेवलेले ‘लगेच गोरे करणारे’ क्रीम घेऊ नका, त्यात बहुधा स्टेरॉईड असते आणि त्याने मुरुम उलट चिघळतात. कपाळावर आणि छातीवर एकसारखे, बारीक, खाजणारे पुरळही असेल तर तेही दाखवा. मुंबईच्या घामट हवेत बुरशीमुळे तसे येते आणि त्याचे औषध वेगळे असते.

तुमच्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर शीव येथे लोकमान्य टिळक रुग्णालय आहे आणि परळला केईएम. दोन्ही महापालिकेची, दोन्हीकडे त्वचारोगाचा आणि स्त्रीरोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो, रांग असते, पण एकाच आवारात दोन्ही विभागांचे मत मिळते. जाताना गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा, चूर्णाचा डबा, इंजेक्शनांची चिठ्ठी आणि तो अहवालसुद्धा घेऊन जा. घरात आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल तर तेही सांगा. सर्वांत आधी सांगण्याची गोष्ट मात्र ही, की पुढच्या वर्षी लग्न आहे आणि मूल होऊ देण्याचा विचार साधारण कधीचा आहे. मुरुमांवरच्या औषधांपैकी आयसोट्रेटिनॉइन गर्भाला गंभीर इजा करते, ते चालू असताना दिवस राहू द्यायचे नसतात आणि थांबवल्यावरही किमान एक महिना थांबावे लागते. स्पायरोनोलॅक्टोन आणि डॉक्सिसायक्लीनही त्या काळात चालत नाहीत. तुमची तारीख डॉक्टरांना ठाऊक असली, तर कोणते औषध आत्ता द्यायचे आणि कोणते लग्नाआधी संपवायचे, हे त्यांना पहिल्याच भेटीत ठरवता येईल.